कॅमेऱ्यावर चिकटलेली मी

मी पट्टी बोलतेय. खरचटल्यावर लावतात ना, ती. जरा हळू बोलतेय, कारण माझ्या अंगाखालीच एक कॅमेरा आहे आणि त्याच्या शेजारी एक बारीक भोक आहे. त्या भोकातून आवाज आत जातो. आतून तो पुढे कुठे जातो, ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे असं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

आणि तुम्ही? तुम्ही नुसते वाचताय ना? बरं. विचारून घेतलेलं बरं असतं.

आमच्या घराण्याचं काम जखमा झाकायचं. माझ्या बहिणींनी गुडघे झाकले, कोपरं झाकली, नव्या चपलांनी सोललेल्या टाचा झाकल्या. मी मात्र जन्मात एकही जखम झाकली नाही. मी एक डोळा झाकला. ते चांगलं केलं की वाईट, यावर माझं माझ्याशीच अजून एकमत झालेलं नाही.

जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पट्ट्यातून यंत्राने मला कापलं, मधोमध पांढरी गादी ठेवली आणि कागदात गुंडाळलं. आमच्या डब्यावर छापलं होतं, 'त्वचेच्या रंगाची, दिसून न येणारी'. कुणाच्या त्वचेच्या, ते छापलेलं नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डब्यात आम्ही सगळ्या एकाच रंगाच्या. बाहेरचं जगही त्याच रंगाचं असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

मला विकत घेतलं ते ताईने. ताई एका कॉलेजात घरबसल्या शिकायचे अभ्यासक्रम बांधायची. तिला एक लहान मूल होतं, त्याला ती पिल्लू म्हणायची. पिल्लू आल्यापासून तिची पर्स म्हणजे संकटांची तयारी झाली होती. तापाचं औषध, जादा मोजे, ओले रुमाल, बिस्किटांचा चुरा आणि एक शिट्टी. शिट्टी कशासाठी, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. पिल्लू झोपलं की ती वाकून त्याचा श्वास चालतोय ना ते बघायची. चालत असला, तर इतक्या जोरात का चालतोय, म्हणून पुन्हा वाकायची. अशा पर्समध्ये मी वाढले. माझा संशयी स्वभाव कारखान्यातला नाही, त्या पर्समधला आहे.

ताई घरूनच काम करायची. एकदा मीटिंग चालू असताना पिल्लू अंघोळीतून सुटलं आणि टॉवेल टाकून तिच्या मागून पळालं. पडद्यावरची सगळी माणसं हसली. मीटिंग संपल्या संपल्या ताईने पर्स उघडली, माझी शेजारची बहीण काढली आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. वर अंगठ्याने दाबली. मग पुन्हा एकदा दाबली.

तेव्हाच मला कळलं की आमचा असाही उपयोग होतो.

ताई त्या वेळी ज्या कामात बुडाली होती, ते काम मोठं होतं. नदीच्या वरच्या अंगाला तिथल्या मूळच्या माणसांची, आदिवासींची वस्ती होती. तिथल्या मुलींसाठी आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम बांधायचा होता. सगळं शिक्षण टॅबवर. ताईचे वरिष्ठ, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांना या कामाचा फार अभिमान. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक टिपका बसवून घेतला होता. मुलगी पडद्याकडे बघत असेल तर टिपका हिरवा. नजर हलली की पिवळा. नजर फार वेळ हललेली राहिली की लाल, आणि मग तो पाठ मोजायचा नाही.

"कुणी एकटं पडू नये म्हणून आहे हे," सर म्हणायचे. "हा पहारा नाही, ही सोबत आहे."

शब्द छान होता. मला छान शब्दांची भीतीच वाटते. ताईला मात्र तो पटला. टिपका हिरवा दिसला की तिला पिल्लाचा श्वास चालू दिसल्यासारखं वाटायचं.

टॅब वाटायला ताई वस्तीवर गेली, तेव्हा पर्समधून मीही गेले.

शाळेच्या खोलीत टॅब वाटून झाले आणि पायरीवर एक छोटी मुलगी आपटली. तिला सगळे ठमी म्हणत. गुडघा सोलला. ताई इतक्या वेगाने उठली की टेबलावरचं पाणी सांडलं. तिने दोन पट्ट्या बाहेर काढल्या. एक ठमीच्या गुडघ्यावर लावली आणि दुसरी, म्हणजे मी, ठमीच्या आईच्या हातात दिली.

"असू द्या. पडेल परत," ताई म्हणाली.

ठमीच्या आईला बारकी म्हणत. ती काही बारीक नव्हती, घरात सगळ्यात धाकटी होती इतकंच. ती या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. तिच्या शेजारी तिची आत्या उभी होती, तिच्या वडिलांची बहीण. आत्याने वाकून ठमीचा गुडघा पाहिला. तिथे माझी बहीण दुरूनही दिसावी अशी चमकत होती.

"हा कुणाच्या कातडीचा रंग म्हणायचा?" आत्याने विचारलं.

"डब्यावरच्या माणसाच्या असेल," बारकी म्हणाली.

ताई ओशाळली. "कंपनीच तशी बनवते हो, आत्या."

"तू नाही ना बनवत?"

"छे छे."

"मग तू काय बनवतेस?"

"अभ्यासक्रम."

आत्याने ताईकडे पाहिलं. मग पुन्हा ठमीच्या गुडघ्याकडे पाहिलं.

बारकीने मला घरी नेऊन आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. तिथून सगळं घर दिसायचं. घर म्हणजे दीड खोली. एका भिंतीला मासे धरायची जाळी टांगलेली, खिडकीशी पत्र्याचा डबा आणि डब्यावर तो टॅब. बारकीचा नवरा लांब लाकूडकामावर होता. घरात बारकी, आत्या आणि ठमी. ठमी अजून अंगावर प्यायची आणि त्यासाठी तिला वेळकाळ नव्हता.

या शिक्षणावर काय अवलंबून आहे, ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. वस्तीच्या दवाखान्याची खोली कुलूप लावून बंद होती. आधीची नर्स बदली होऊन गेली होती. बारकी पास झाली, तर ती जागा बारकीला. नाही झाली, तर बाहेरून कुणीतरी येणार, आणि त्या कुणालातरी वस्तीची भाषा येणार नाही. आत्याला त्याचा धसका होता. मागच्या आजारपणात डॉक्टरांनी जे जे विचारलं, त्याला ती 'हो' म्हणाली होती. काय विचारलं, ते तिला समजलंच नव्हतं. नको असलेली गोळी ती महिनाभर गिळत होती.

"तू बस त्या खोलीत," ती बारकीला म्हणायची. "मग मी 'नाही' म्हणायला येईन."

पाठ सुरू झाले. इथेच घोळ झाला.

त्या वस्तीत बायका ऐकतात कशा, ते मी आरशातून रोज बघत होते. जाळं मांडीवर घ्यायचं, फाटलेली जागा शोधायची आणि गाठी मारत बसायचं. बोलणारी बोलते, बाकीच्यांची मान खाली, बोटं चालू. कुणी मान वर करून बोलणारीच्या तोंडाकडे टक लावली, तर बोलणारी थांबते आणि विचारते, "काय गं, पटलं नाही का?" हात मोकळे आणि डोळे रोखलेले म्हणजे भांडण. हात गुंतलेले म्हणजे कान मोकळे.

बारकीने तसंच केलं. टॅब डब्यावर ठेवला, जाळं मांडीवर घेतलं, मान खाली घातली आणि मन लावून ऐकू लागली. टिपका पिवळा झाला, मग लाल. पडद्यावर अक्षरं आली. तिने ती आत्याला वाचून दाखवली.

"'तुमचं लक्ष नाही. हा पाठ मोजला गेलेला नाही. काळजी करू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत.'"

"कोण आहे सोबत?" आत्याने दाराबाहेर डोकावून पाहिलं.

त्या दिवसापासून आत्या टॅबला पाहुणा म्हणू लागली. "आला का तुझा पाहुणा? जेवत नाही, बोलत नाही, पापणी पण मिटत नाही मेल्याची."

बारकीने सरळ बघायचा प्रयत्न केला. जाळं बाजूला ठेवलं आणि टिपक्यावर नजर रोखून बसली. टिपका बहुतेक वेळ हिरवा राहिला. पाठ संपल्यावर आत्याने विचारलं, "काय सांगितलं?"

बारकी कपाळ दाबत म्हणाली, "काय माहीत! मी टिपका सांभाळत होते."

आत्या शेजारी बसून काही विचारायला लागली, की पडद्यावर यायचं, 'खोलीत दुसरा आवाज आहे'. आत्या दचकून गप्प व्हायची आणि मग स्वतःच्याच घरात कुजबुजायची. ठमी दूध मागायला आली, की बारकी टॅब भिंतीकडे वळवायची. पुन्हा लाल.

एक दिवस मात्र नवल झालं. पाठ सुरू झाला आणि पडद्यावरचं चित्र अडकलं. बारकीचा चेहरा सरळ बघताना जो अडकला, तो तसाच राहिला. आवाज तुटत तुटत येत होता. इतक्यात ठमी चिखलात बसली, म्हणून बारकी तिला धुवायला बाहेर गेली. ती परत आली तेव्हा पाठ संपला होता आणि टिपका शेवटपर्यंत हिरवागार होता. 'शाबास,' पडद्यावर लिहून आलं. 'आज तुमचं पूर्ण लक्ष होतं.'

आत्या आणि बारकी इतक्या हसल्या की ठमीही हसू लागली. मी हसले नाही. रिकाम्या खोलीला शाबासकी देणारा माणूस मला साधा वाटत नाही.

मग तो पाठ आला. स्वच्छतेचा.

पडद्यावर जुना फोटो उमटला. एक बाई नदीकाठी बसून चिखलाने भरलेलं जाळं झटकतेय. हात कोपरापर्यंत मातीचे. तोंडावर ऊन आलेलं, म्हणून डोळे बारीक केलेले. फोटोच्या शेजारी अक्षरं होती, 'स्वच्छतेच्या सवयींचा अभाव'.

आत्याच्या हातातून जाळं सुटलं.

"आई," ती म्हणाली.

ती खरंच तिची आई होती. बारकीची आजी. आत्या लहान असताना काही माणसं मोठाले कॅमेरे घेऊन वस्तीवर आली होती. त्यांनी सगळ्यांचे फोटो काढले. 'फोटोची एक प्रत आणून देऊ' म्हणाली आणि गेली ती गेलीच. आत्याच्या आईने पुढे कितीतरी दिवस वाट पाहिली, कारण तिने स्वतःचा फोटो कधी पाहिलाच नव्हता. न बघताच ती गेली. आणि आता ती इथे होती, या पाहुण्याच्या पोटात, ते वाक्य बाजूला घेऊन.

"जाळं झटकल्यावर हात मातीचे होणारच ना," आत्या म्हणाली. हे तिने बारकीला सांगितलं नाही, पडद्याला सांगितलं. आवाज अगदी बारीक होता.

बारकी उठली. आरशापाशी आली आणि तिने मला चौकटीतून ओढून काढलं. माझा कागद सोलला. टॅबच्या वरच्या कडेला तो काळा गोल डोळा होता, त्यावर मला ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

अगदी ताईसारखं.

तेव्हापासून मी इथे आहे. माझी पांढरी गादी जखमेचं रक्त टिपायला केलेली. डोळ्यातून काय टिपायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी घट्ट बसून राहिले, तेवढंच मला जमतं.

काही दिवसांनी कॉलेजचा निरोप आला. बारकीने तो वाचला आणि मग आत्याला सोपा करून सांगितला. चेहरा दिसत नाही. बारकीच्या जागी दुसरंच कुणी पाठ बघत असावं, असा संशय आहे. शेवटच्या परीक्षेला चेहरा दिसला नाही, तर नाव कमी होईल.

आत्याने जाळ्यातली बोटं बाहेर काढली. मग म्हणाली, "काढ ती पट्टी."

"नाही काढणार."

"जागा जाईल तुझी."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय जाऊ दे! ती खोली बंद राहील. आई माझी होती, रुसायचं तर मी रुसेन. तू कशाला मधे?"

"माझी आजी होती ती. आणि मी रुसले नाहीये. ते बघतात कुठून, ठेवतात कुठे, दाखवतात कुणाला, हे मला कुणी सांगितलंय का? उद्या ठमीच्या लेकीला शिकवताना माझा फोटो लावतील. 'लक्ष नसलेली बाई' म्हणून."

आत्याने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मला मात्र घाम फुटला. पट्टीला घाम फुटणं चांगलं नाही, गोंद सैल होतो. या मुलीची जागा जाणार होती आणि तिच्या व जागेच्या मधे फक्त मी होते. मी स्वतःहून गळून पडावं का? पडले असते, तर बारकीला ठरवावंच लागलं नसतं. पण तिने ठरवलेलं होतं. तिच्या ठरवण्यावरून मी गळून पडणारी कोण?

परीक्षेच्या आधी ताई आली. मदतीला आले म्हणाली. खरं म्हणजे ती बघायला आली होती, की पट्टीमागे बारकीच बसते की दुसरं कुणी. पिल्लू कडेवर होतं, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. दारातच ती म्हणाली, "सहज आले."

"एवढ्या लांब सहज?" आत्या म्हणाली. "बस. पाणी घे."

ताईने पाण्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे पाहिलं. आत्याने ते पाहिलं. "उकळलेलं आहे. तुमच्याच पाठात सांगितलंय. तो पाठ लाल होता, तरी आम्ही ऐकला."

ताई पाणी प्यायली. मग घसा साफ करून मुद्द्यावर आली. "बारकी, हे बघ, तुझी जागा जाऊ नये असंच मला वाटतंय. परीक्षेपुरती एवढी पट्टी काढ. थोडा वेळच. कुणी काही बघत नाही गं."

"कुणी बघत नाही, तर कॅमेरा उघडा कशाला पाहिजे?" बारकी म्हणाली.

"म्हणजे बघतात, पण फक्त तुझं लक्ष."

"तुझ्या घरी तुझा उघडा असतो का?" आत्याने विचारलं.

ताईने हाताने उगीचच बॅग जवळ ओढली. आत्याचं लक्ष लगेच बॅगेकडे गेलं. मी मागे सांगितलं ना, माझा स्वभाव पर्समधला आहे. पण आत्याच्या नजरेपुढे मी काहीच नाही.

"काढ की बाहेर," आत्या म्हणाली.

ताईने लॅपटॉप काढला आणि उघडला. वरच्या कडेला माझी बहीण बसली होती. तोच डबा, तोच रंग. एक कोपरा मळलेला. आम्ही किती दिवसांनी भेटत होतो! पण दोघीही कामावर होतो, काही बोलता आलं नाही.

बारकी आधी फुस्सकन हसली. मग पदरात तोंड लपवून हसली.

"पिल्लू नागडं पळतं हो," ताई कळवळून म्हणाली. "मागून. मीटिंगमध्ये."

"मग आमची पोरं काय कपडे घालून पळतात?" आत्या म्हणाली.

तेवढ्यात पिल्लू खरंच खाली उतरून ठमीच्या मागे पळालं. ताईने सवयीने 'सावकाश' म्हटलं. मग तिलाही हसू आलं. ते हसू संपल्यावर ती म्हणाली, "पण माझी पट्टी आधीपासून आहे. तुझी मधेच का आली? आधी तर उघडा असायचा."

बारकीने टॅबवर तो पाठ लावला. फोटो आला.

"ही माझी आई," आत्या म्हणाली.

ताई फोटोकडे बघतच राहिली. "हा मीच लावलाय," ती शेवटी म्हणाली. "जुन्या संग्रहातून घेतला. पाठात तुमच्याकडचं कुणीतरी दिसावं, तुम्हाला आपलं वाटावं, म्हणून."

"वाटलं की," आत्या म्हणाली. "आपलंच आहे."



ताईने माफी मागितली नाही. मागितली असती, तर मला संशय आला असता. ती म्हणाली, "एक पाठ मी तुमच्याबरोबर ऐकू का?" आत्याने तिच्या मांडीवर जाळ्याचं एक टोक टाकलं.

पाठ चालू झाला. ताईने गाठी मारायला घेतल्या. पहिल्या दोन अशा काही मारल्या, की मासा काय, बैलही निसटला असता. पण हळूहळू तिची मान खाली गेली, बोटं गुंतली आणि कपाळावरची आठी गेली. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. टिपका लाल होता. पाठ संपल्यावर ताई म्हणाली, "मी हा पाठ स्वतः लिहिलाय. आज पहिल्यांदा ऐकला."

मग तिने लॅपटॉपवर बारकीचे सगळे टिपके उघडून पाहिले. "हे बघ, जवळजवळ सगळं लाल. पण या एका दिवशी? पूर्ण हिरवा! त्या दिवशी काय केलंस?"

"त्या दिवशी चित्र अडकलं होतं, ताई. मी बाहेर ठमीला धूत होते."

"कुठला पाठ होता?"

"तापाच्या औषधाचा."

ताईचा चेहरा उतरला. तिने बारकीला विचारलं, लहान मुलाला ते औषध किती आणि किती वेळाने द्यायचं. बारकीने तुटलेल्या आवाजातून जेवढं ऐकलं होतं, तेवढं सांगितलं. ते चुकीचं होतं. ताईने पिल्लाला जवळ ओढून घट्ट धरलं.

"आणि आम्ही याला शाबास म्हटलंय," ती म्हणाली. "तू त्या खोलीत बसली असतीस, हिरवा टिपका घेऊन, आणि कुणाचं तरी लेकरू..."

पुढचं ती बोलली नाही. आरोग्यसेविका होणाऱ्या मुलीसमोर बोलायचं ते वाक्य नव्हतं, आणि आईने तर मुळीच बोलायचं नव्हतं.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. आत्याने सांगितलं, "आम्हाला पण ऐकू येईल असा लाव." ताईने तसा लावला.

सगळं ऐकून सर म्हणाले, "भावना समजतात. पण एकीला सूट दिली, तर सगळ्याच झाकून बसतील. मग पट्टीमागे कोण आहे, ते आपल्याला कसं कळणार?"

"सर," ताई म्हणाली. "मीटिंगमध्ये तुमचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही. तिथे एक गोल असतो आणि त्यात एक अक्षर. तुमच्या जागी दुसरं कुणी बसतं का, असं मी कधी विचारलंय?"

आत्या बारकीला कोपराने डिवचत होती.

"इथे नेट फार खराब आहे," सर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "या एका परीक्षेपुरतं बघू. पाठ नीट ऐकून झाले पाहिजेत. आणि परीक्षा तोंडी, तुझ्या समोर."

या एका परीक्षेपुरतं. हे शब्द मी गादीत टिपून ठेवलेत.

ताईने सगळे पाठ आवाजाच्या छोट्या तुकड्यांत करून टॅबमध्ये भरून दिले, म्हणजे चित्र अडकायची भानगड नाही. तापाचा पाठ बारकीने इतक्यांदा ऐकला, की ठमी खेळताना बाहुलीला वेळ पाळून औषध देऊ लागली. आत्या शेजारी बसून मोठ्या आवाजात शंका विचारायची. दुसरा आवाज आहे म्हणून आता कुणी ओरडत नव्हतं.

परीक्षेला बारकी जाळं घेऊन बसली. मी डोळ्यावर, ताई समोर. ताईने आवाज टिपून घ्यायला फोन काढला, तसा आत्याने हात आडवा घातला.

"हा आवाज जाणार कुठे?"

"सर एकदा ऐकतील. मग पुसून टाकू. तुमच्या समोर."

"पुसलं, हे मला कळणार कसं?"

ताईने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगू, आत्या? मलाही नाही कळणार."

आत्याने हात मागे घेतला. "आता बोललीस. चल, विचार तिला."

बारकी मान खाली घालून बोलत राहिली. बोटं चालू. एका प्रश्नाला अडली, एक गाठ सोडवली, पुन्हा मारली आणि मग उत्तर दिलं. तापाच्या औषधाचं विचारलं, तेव्हा खोलीत कुणी श्वास घेतला नाही. ठमीने मात्र घेतला, कारण तिला उत्तर येत होतं. बारकीने बरोबर सांगितलं. किती, किती वेळाने आणि कधी अजिबात नाही.

बारकी पास झाली. दवाखान्याच्या खोलीचं कुलूप निघालं. आत्या पहिल्याच दिवशी तिथे गेली, खुर्चीत बसली, बारकीने काहीतरी विचारलं आणि आत्या खणखणीत आवाजात 'नाही' म्हणाली. असं बारकीने घरी येऊन सांगितलं. मी टॅबवर घरीच होते.

ताई पुन्हा आली, तेव्हा तिच्याजवळ एक पाकीट होतं. पाठातून तो फोटो निघाला होता आणि त्याची चांगली मोठी प्रत तिने करून आणली होती. शेजारी एकही अक्षर नव्हतं. आत्याने ती खिडकीशी नेली. उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"बारीक डोळे केलेत," ती म्हणाली. "उन्हामुळे. तिला डोळे मोठे आवडायचे."

मग तिने केस नीट केले, डोक्यावरून रुमाल बांधला आणि टॅबसमोर येऊन बसली. फोटो मांडीवर घेतला.

"उघड," ती बारकीला म्हणाली. "एक फोटो काढ. माझा आणि तिचा. घरात ठेवायला."

बारकी थबकली. "नक्की?"

"विचारलंस ना? मग नक्की."

बारकीने नखाने माझा कोपरा उचलला आणि मला सोललं. तिच्या नखावरून मला पुन्हा सगळं घर दिसलं. आत्या डोळे चांगले मोठे करून बसली होती. फोटो निघाला. आत्याने तो पाहिला, मान हलवली आणि म्हणाली, "पुरे. लाव परत."

बारकीने मला लावलं. अंगठ्याने दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

आता माझा गोंद सुकत आलाय. कडांना ठमीचे केस आणि पिठाची धूळ चिकटलीय. ताई सांगत होती, की नवीन टॅबला कॅमेऱ्यावर सरकवायचं झाकणच येणार आहे. तिने भांडून बसवून घेतलंय म्हणे. चांगलं आहे. पण ते झाकण आतून खरंच बंद होतं की नुसतं तसं दिसतं, हे कुणी पाहिलंय का? पुढच्या मुलींच्या परीक्षेचं काय ठरलं? 'या एका परीक्षेपुरतं' ते अजून एवढंसंच आहे की वाढलंय? आत्याने विचारलं तर ताई म्हणते, भांडतेय.

एकच मागणं आहे. कुणाच्या घरी तुम्हाला माझ्यासारखी एखादी पट्टी दिसली, तर तिच्या मागे काय दडलंय असं लगेच म्हणू नका. आधी विचारा. आणि उत्तर 'नाही' आलं, तर खुर्चीत बसून ते नीट ऐकून घ्या.

माझा एक कोपरा उचकटलाय. तिथून थोडा उजेड आत जातो, मला कळतं. आत्यालाही कळतं. रोज जाळं घेऊन बसायच्या आधी ती येते आणि माझा तो कोपरा अंगठ्याने दाबते. मग पुन्हा एकदा दाबते.